विषाद, पश्चात्ताप आणि कोयनेचा भूकंप

कोयनानगर व पाटण परिसरात वैद्यकी करणाऱ्यास एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. थंडी पडू लागली की सत्तरीच्या आसपासच्या काही रुग्णांच्या तक्रारींना निराळे वळण लागते. झोप पहाटे चारच्या सुमारास मोडते, छातीत धडधडते, अन्नावरची वासना जाते. रात्रीचा अंतिम भाग वाताचा आणि वार्धक्यही वाताचे, तेव्हा वातप्रकोप असे निदान करून अभ्यंग, शिरोधारा, जटामांसी, अश्वगंधा अशी योजना आपण करतो. ती चुकीची नसते. परंतु थोडे थांबून विचारले तर कधी असेही उत्तर येते : "दाराकडंला मी निजलो होतो, धाकटा भिंतीकडंला."

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना खोरे हादरले. दगडमातीच्या भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे १८० माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. जे वाचले ते तेव्हापासून मागचा हिशेब मांडत आले आहेत. धरणात १९६२ साली पाणी साठू लागल्यापासून लहान धक्के बसतच होते. १३ सप्टेंबर १९६७ रोजी बराच मोठा धक्का बसला होता. मग त्याच वेळी गाव का सोडले नाही? मुलांना नातलगांकडे का धाडले नाही? किल्लारीतही ३० सप्टेंबर १९९३ च्या आधीच्या वर्षी धक्के जाणवले होते, आणि तेथील वाचलेल्यांच्या मनातही हाच प्रश्न उठला असल्यास नवल नाही.

येथे वैद्याचे काम सांत्वनापाशी संपत नाही. रुग्ण स्वतःवर दोषारोप करतो, तेव्हा तो दोष शास्त्राच्या कसोटीवर टिकतो का, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रज्ञापराधाचे विवेचन केले आहे. धी, धृती व स्मृती यांपासून ढळून घडलेले कर्म म्हणजे प्रज्ञापराध. म्हणजे अपराध ठरण्यासाठी आधी ती प्रज्ञा उपलब्ध असावी लागते. १९६७ साली दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, अशीच सर्वसाधारण धारणा होती. जलाशयाच्या भाराने व झिरपणाऱ्या पाण्याने भूकंप प्रेरित होऊ शकतो, हा विचार अभ्यासकांच्या मोजक्या वर्तुळापुरता होता. जे तज्ज्ञांस निश्चित ठाऊक नव्हते ते बारा वर्षांच्या मुलाने, अथवा त्याच्या शेतकरी बापाने, कसे जाणावे? नंतर प्राप्त झालेल्या ज्ञानाने आधीच्या कृतीस दोषी ठरवणे हा प्रज्ञापराध नव्हे. तो विषाद आहे. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात, अग्र्य गणनेत, रोग वाढवणाऱ्या भावांमध्ये विषाद श्रेष्ठ आणि शरीर शोषणाऱ्यांमध्ये शोक श्रेष्ठ असे सांगितले आहे. ओझे वाहणाऱ्या रुग्णाचे बल व मांस कसे क्षीण होत जाते, हे पाहिलेल्यास त्या गणनेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

अशा रुग्णाशी बोलताना "जाऊ द्या, विसरा" असे म्हणू नये, असे आमचे मत आहे. विसरणे हे त्याला भावाशी केलेली प्रतारणा वाटते. त्याऐवजी त्या रात्री त्याला काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे त्याच्याच तोंडून क्रमाने वदवून घ्यावे. मनास अहित विषयांपासून आवरणे ही सत्त्वावजयाची व्याख्या, आणि येथे अहित विषय भाऊ नव्हे, तर त्याच्या मृत्यूवर बसलेला खोटा आरोप होय. हे काम एका बैठकीत होत नाही. आणि रुग्ण जगण्याचीच इच्छा नाही असे बोलू लागला, तर त्याला विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. तेथे औषधाचा अनुभव घेत बसू नये.

पश्चात्ताप ही मात्र वेगळी वस्तू आहे आणि तिचेही उदाहरण कोयनेतच सापडते. भूकंपात धरणाच्या उंच, सांडव्याबाहेरील खंडांना आडवे तडे गेले. नुसती हळहळ करून तडे बुजत नाहीत. तडे कोठे पडले, त्याच पातळीवर का पडले, हे तपासले गेले आणि हा भाग १९७३ पर्यंत बळकट करण्यात आला. सांडव्याचा भागही पुढे २००६ पर्यंत मजबूत झाला. १९७० मध्ये देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलला. जलाशय किती वेगाने भरतो आणि उच्च पातळी किती काळ टिकते, यांचा धक्क्यांशी असलेला संबंध येथेच अभ्यासला गेला, आणि २०१७ साली गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र पूर्ण झाले. हे अर्धशतकाचे काम आहे.

आपल्या व्यवसायात असे काय आहे? खरे पाहता साधन आपल्या निदानपंचकातच आहे. उपशय सर्वांस प्रिय, पण अनुपशयही व्याधीचे ज्ञान करून देतो, याचे स्मरण फारसे होत नाही. परिषदा व नियतकालिके (प्रस्तुत पृष्ठेही त्यास अपवाद नाहीत) 'उत्तम उपशय' मिळालेल्या रुग्णांनी भरलेली असतात. छातीतील दाह अम्लपित्त समजून दोन दिवस गेले आणि हृद्रोग निघाला, मधुमेहाच्या रुग्णाचे पायाचे व्रण लेपावर ठेवल्याने वाढले, असे रुग्ण कोणाच्याच वाट्याला येत नाहीत काय? येतात, ते वैद्याच्या उशाशी राहतात, सभेत येत नाहीत. येथे धी-धृती-स्मृतीचा भ्रंश खरोखर असू शकतो, आणि असल्यास तो मान्य करणे प्राप्तच आहे. तथापि उशाशी ठेवलेल्या रुग्णापासून दुसऱ्या वैद्यास काहीच मिळत नाही.

औषधालयाच्या मालकांनाही हे लागू आहे. एखादा कल्प परत आला, ग्राहकाने पुरळ उठल्याचे सांगितले, तर पैसे परत करून विषय मिटवण्याची रीत आहे. त्याऐवजी बॅच क्रमांक, तारीख, सोबत चालू असलेली अन्य औषधे आणि तक्रार, एवढे एका वहीत उतरवून घेण्यास पाच मिनिटे पुरतात. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात भूमी बिघडण्यापूर्वीच औषधांचा संग्रह करून ठेवावा असे सांगितले आहे. नोंदींच्या बाबतीतही वेळ तीच.

विमानस्थानात तद्विद्यसंभाषेची जी पद्धती आहे, तिच्यातील मैत्रीपूर्ण संधायसंभाषा याच कामासाठी वापरता येईल. तालुका शाखांच्या मासिक बैठकीत प्रत्येक वेळी एका सभासदाने अनुपशयाचा एक रुग्ण मांडावा, अशी आमची सूचना आहे. आरंभ ज्येष्ठांनी करावा, कारण नवपदवीधर पहिल्यांदा बोलणार नाही. 'त्या वेळी काय ठाऊक होते' हा प्रश्न प्रथम आणि 'आता काय बदलले' हा नंतर विचारावा. रुग्णाचे नाव, गाव किंवा ओळख पटेल असा तपशील मात्र वगळावा.