खासरा पत्रक ते डिजिटल सातबारा

मराठवाड्यात जमिनीचा जुना वाद निघाला की पहिल्यांदा शोधले जाते ते 1954-55चे खासरा पत्रक. त्याआधीचे दप्तर निजामाच्या राजवटीतले. कारभार उर्दूत, शिवाय कितीतरी नोंदी मोडीत. पुढे मराठी आली, टंकलेखन यंत्रे आली. तलाठ्याचा सातबारा मात्र अनेक वर्षे हातानेच लिहिला जाई. खरेदीदाराला खरेदीखताची प्रत घेऊन तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत.

आता ई-फेरफार या संगणकीय प्रणालीमुळे दस्त नोंदला की त्याची सूचना संगणकावरूनच तलाठ्याकडे जाते. हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी मात्र आजही लागते, आणि ती लागायलाच हवी. 2018पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो.

2023मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा छत्रपती संभाजीनगरसह मराठवाडाभर जुने गठ्ठे सुटले. यंत्राने पानांची छायाचित्रे काढली, पण वाचायला मोडी आणि उर्दूचे जाणकारच लागले. असे जाणकार फार थोडे उरले आहेत. महसूल खात्याने संगणकाइतकेच मोडीचे प्रशिक्षणही नेमाने द्यावे.