व्याज उतरलं, मग गिऱ्हाईक का नाही आलं?

आज बोलूया रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराबद्दल आणि सरकारच्या कर्जाबद्दल. दोन्हींचा आपल्या गटाच्या वहीशी संबंध आहे.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि वसई-विरारहून मुंबईला फुलं, भाजी, मासळी नेणाऱ्या बायकांचा धंदा बसला. गर्दीच्या वेळा सोडून सगळ्या बायकांना लोकलने जायची मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबरला. पण गाडीत चढता आलं म्हणून गिऱ्हाईक लगेच परतलं नाही.

रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते, त्याला रेपो दर म्हणतात. मार्च २०२० मध्ये तो ५.१५ टक्क्यांवरून ४.४० वर आणला, मे महिन्यात ४ वर. हेतू हा, की कर्ज स्वस्त व्हावं आणि लोकांनी धंद्यात पैसा घालावा.

पण गजरे खपतच नसतील, तर व्याज उतरलं म्हणून कोणी जास्त फुलं आणेल का? फुलवालीची कमाई थांबली की ती मासळी घेत नाही. मग मासळीवाली भाजी घेत नाही. एकीचा खर्च ही दुसरीची कमाई असते. सगळ्यांनी एकदम हात आखडला, तर सगळ्यांचीच कमाई आटते.

अशा वेळी खर्च करू शकतं ते सरकार. २०२०-२१ मध्ये कराची वसुली अंदाजापेक्षा कमी झाली आणि खर्च वाढला. केंद्राने बाजारातून ७.८० लाख कोटी रुपये कर्ज काढायचं ठरवलं होतं, ते मे महिन्यात १२ लाख कोटींवर नेलं. त्याच वर्षी रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळालं, बायकांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये आले. सरकारला हे कर्ज देतं कोण? बँका आणि विमा कंपन्या, म्हणजे बऱ्याच अंशी आपल्याच ठेवी आणि हप्ते.

या कर्जालाही व्याज आहेच. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खर्चाच्या दर रुपयातले २० पैसे व्याजासाठी होते. म्हणून मंदीत काढलेलं कर्ज लोकांच्या हाताला काम देतं का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

स्वस्त व्याज कायमचंही नसतं. महागाई वाढली तसा मे २०२२ पासून रेपो दर चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्के झाला.

तेव्हा गटाने कर्ज घेण्याआधी बँकेत तीन गोष्टी विचारा. व्याज ठरलेलं आहे की बदलतं? रेपो दर उतरला, तर आमचा हप्ता कधी उतरेल? हप्ता पुढे ढकलला, तर त्या काळाचं व्याज चढतं का? २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना सवलत होती, पण व्याज चढतच होतं.

चौथा प्रश्न मात्र बैठकीत एकमेकींनाच विचारा: माल घेणारं गिऱ्हाईक आहे का? त्याचं उत्तर 'हो' असेल, तरच स्वस्त कर्ज कामाचं.