राखणदार कुत्रा आणि लेप्टो

पावसाळ्यात किलवणीची भातखाचरे भरली की उंदीर गोठ्याकडे वळतात. त्यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कुत्र्याला लागतात. तो अन्न टाकतो, ओकतो, तापाने फणफणतो. पुढे डोळे पिवळे होतात. वेळीच उपचार झाले तर वाचतो. पण आम्ही इशारा देतो तो पुढचाच: बऱ्या झालेल्या कुत्र्याच्या लघवीतूनही जंतू कित्येक आठवडे पडू शकतात व आपल्या पायाच्या जखमेतून शिरतात. म्हणून त्याची जागा धुताना हातमोजे, गमबूट घालावेत. दरवर्षी त्याला लेप्टोची लस टोचून घ्यावी. रेबीजची लस यावर चालत नाही. लावणीच्या दिवसांत आपल्याला ताप येऊन पोटऱ्या दुखल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.