तेलाविना ट्रान्सफॉर्मर : निवडताना काय पाहाल?



होस्टेलची लाइट गेली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डीपी उडाली का रे?" गावाकडे डीपी, महावितरणच्या कागदावर रोहित्र आणि आपल्या पुस्तकात ट्रान्सफॉर्मर. नाव कोणतंही घ्या, डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. कुंपणातली राखाडी टाकी आणि तिच्याखाली झिरपलेल्या तेलाचा काळा डाग.

हे तेल दोन कामे करते. वाइंडिंगला विद्युतरोधन देते आणि आतली उष्णता बाहेर वाहून नेते. ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मरमध्ये हे तेलच नसते. पण तेल काढले म्हणून त्याची कामे संपत नाहीत. रोधनाचे काम इपॉक्सी रेझिनकडे आणि थंड करण्याचे काम हवेकडे जाते. ड्राय टाइप विश्वासाचा आहे की नाही, हे ठरवायचे म्हणजे रेझिन आणि हवा ही दोन कामे वीस-पंचवीस वर्षे नीट करतील का, एवढेच तपासायचे. या लेखात तेच पाहू.

तेल नको का झाले?

कारण आग. ट्रान्सफॉर्मरच्या खनिज तेलाचा फ्लॅश पॉइंट १४० अंश सेल्सियसच्या आसपास असतो. आत मोठा फॉल्ट झाला, टाकी फुटली, तर शेकडो लिटर पेटते तेल जमिनीवर पसरते. उघड्या यार्डात हे कसेबसे आवरता येते. हॉस्पिटलच्या तळघरात किंवा मॉलच्या पार्किंगमध्ये आवरता येत नाही.

यावर पूर्वी एक उपाय निघाला होता. न पेटणारे पीसीबी जातीचे द्रव टाकीत भरायचे. आग थांबली, पण पीसीबी शरीरात साठते आणि निसर्गात विघटित होत नाही हे लक्षात आले. अमेरिकेत १९७९ पासून त्याच्या उत्पादनावर बंदी आली आणि २००१ च्या स्टॉकहोम करारात त्याचे नाव जगभरातून हद्दपार करायच्या यादीत गेले. मग इमारतीच्या आतल्या जागेसाठी कोरडा ट्रान्सफॉर्मर हाच सरळ मार्ग उरला. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतही राहत्या आणि व्यापारी इमारतींच्या आत ड्राय टाइपच बसवावा असे आले.

म्हणजे ड्राय टाइप सुरक्षित. पण सुरक्षित आणि भरवशाचा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कशा, ते डेन्मार्कने अनुभवले.

समुद्रातली ८० यंत्रे

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यापासून १४ ते २० किलोमीटर आत, उत्तर समुद्रात, हॉर्न्स रेव्ह नावाचा पवनऊर्जा प्रकल्प २००२ मध्ये उभा राहिला. प्रत्येकी २ मेगावॉटच्या ८० पवनचक्क्या, एकूण १६० मेगावॉट. प्रत्येक यंत्रात ट्रान्सफॉर्मर वर नॅसेलमध्येच, म्हणजे पात्यांमागच्या पेटीत, जनरेटरच्या शेजारी होता. इतक्या उंचीवर तेलाची टाकी नको, म्हणून ड्राय टाइप.

दोन वर्षांच्या आत ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर यांचे बिघाड इतके वाढले, की २००४ मध्ये सगळ्याच्या सगळ्या ८० नॅसेल खाली उतरवून, जहाजांनी किनाऱ्यावर आणून दुरुस्त कराव्या लागल्या. जमिनीवर जे काम एक क्रेन आणि दोन दिवस मागते, ते समुद्रात खास जहाज, शांत हवामान आणि महिने मागते. ट्रान्सफॉर्मर हा अख्ख्या पवनचक्कीच्या किमतीचा लहानसा भाग. पण तो बंद म्हणजे जनरेटर, पाती, टॉवर सगळे बंद. म्हणून निवडताना 'हा किती रुपयांना पडतो' याच्याआधी 'हा बंद पडला तर किती रुपयांना पडेल' हे विचारले पाहिजे.

पहिला शत्रू : उष्णता

इन्सुलेशनचे तापमानानुसार वर्ग आपण पाठ केलेले असतात. बी १३० अंश, एफ १५५, एच १८०. एफ वर्गाला वाइंडिंगची सरासरी तापमानवाढ १०० अंश आणि एच वर्गाला १२५ अंश चालते. व्हायव्हात इथे आपण थांबतो. खरी मेख पुढे आहे. ही वाढ कशाच्या वर मोजायची?

ड्राय टाइपचे आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयईसी ६००७६ चा भाग ११. त्यात नेहमीची हवा म्हणून कमाल ४० अंश, सर्वांत गरम महिन्याची सरासरी ३० आणि वर्षाची सरासरी २० धरली आहे. आता आपल्याकडे पाहा. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि वर्षाची सरासरी पुण्यातसुद्धा २५ च्या आसपास असते. शिवाय ट्रान्सफॉर्मरला बाहेरची हवा मिळत नाही, खोलीतली मिळते. फुल लोडला १२ किलोवॉट लॉस असलेला ट्रान्सफॉर्मर म्हणजे खोलीत २ किलोवॉटचे ६ हीटर सतत चालू. खाली हवा आत यायला आणि वर गरम हवा बाहेर जायला जाळी नसेल, तर खोलीच भट्टी होते.

जुना ठोकताळा सांगतो, की तापमान ८ ते १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते. त्यामुळे ऑर्डर देताना आपल्या जागेचे खरे तापमान लिहून द्यायचे. अनुभवी मंडळी आणखी एक करतात. इन्सुलेशन एच वर्गाचे घेतात, पण तापमानवाढ एफ वर्गाचीच मागतात. वरचे २५ अंश म्हणजे आयुष्याची शिल्लक.

पंख्यांचेही तसेच. पंखे लावले की क्षमता २५ ते ४० टक्के वाढते असे कॅटलॉग सांगतो, ते खरे आहे. पण रोजचा लोड पंख्याविना पेलला पाहिजे. पंखा हा अडीअडचणीचा सोबती. त्याचे बेअरिंग गेले म्हणून कारखाना थांबला, असे होऊ नये.

दुसरा शत्रू : हवेचा बुडबुडा

कास्ट रेझिन ट्रान्सफॉर्मरमध्ये वाइंडिंग साच्यात ठेवून निर्वात स्थितीत त्याभोवती इपॉक्सी ओततात. व्हॅक्यूम कशाला? तर एकही बुडबुडा राहू नये म्हणून.

इपॉक्सीची सापेक्ष परमिटिव्हिटी साधारण ४ आणि हवेची १. त्यामुळे रेझिनमध्ये चपटा बुडबुडा राहिला, तर त्याच्या आत विद्युतक्षेत्र आजूबाजूच्या सुमारे चौपट होते. आणि हवा तर मिलिमीटरला ३ केव्हीलाच हार मानते. म्हणजे सर्वांत दुबळ्या जागी सर्वांत जास्त ताण! बुडबुड्यात बारीक ठिणग्या पडू लागतात. हाच पार्शियल डिस्चार्ज. बाहेरून काही दिसत नाही, काही कळत नाही. ठिणगी रेझिन कुरतडत राहते आणि एक दिवस वाइंडिंग आरपार जाते. तेलात निदान तेलाचा नमुना काढून गॅस तपासता येतो. रेझिनमध्ये तशी सोय नाही आणि एकदा फुटलेली कॉइल जागेवर दुरुस्तही होत नाही, बदलावीच लागते.

म्हणून कारखान्यातून निघण्यापूर्वी पार्शियल डिस्चार्जची टेस्ट हवीच. व्होल्टेज आधी रेटेडच्या १.८ पट नेतात, मग १.३ पटीवर आणून मोजतात. मर्यादा १० पिकोकुलंब. ही रूटीन टेस्ट आहे, म्हणजे प्रत्येक नगावर झाली पाहिजे. "या डिझाइनचा टाइप टेस्ट रिपोर्ट आहे ना" हे उत्तर इथे चालत नाही. बुडबुडा डिझाइनमध्ये नसतो, नगात असतो.

इथेच एक गैरसमज दूर करू. अॅल्युमिनियम वाइंडिंग म्हणजे हलका माल, असे आपण ऐकत आलो. पण गरम झाल्यावर अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि इपॉक्सी दोघांपेक्षाही जास्त. म्हणजे प्रसरणाच्या बाबतीत अॅल्युमिनियम रेझिनला जवळचे. दोघांत ओढाताण कमी, भेगा पडण्याचा धोका कमी. तांब्याचा ट्रान्सफॉर्मर आकाराने लहान होतो, हा त्याचा फायदा. चांगला कोणता हे धातूवरून नाही, टेस्टवरून ठरते.

तिसरा शत्रू : ओल, मीठ आणि धूळ

तेलातले वाइंडिंग टाकीत बंद असते. ड्राय टाइपचे वाइंडिंग आपल्यासारखेच हवेत श्वास घेते. कोकण किनाऱ्यावर खारे वारे, साखर कारखान्यात बगॅसचा भुसा, सूतगिरणीत तंतू, सिमेंट कारखान्यात धूळ. हा थर ओला झाला की पृष्ठभागावरून करंट गळू लागतो आणि कोरडा राहिला तर हवेचे मार्ग बुजवतो.

यासाठी मानकात तीन अक्षरांचे वर्ग आहेत. ई म्हणजे पर्यावरण. ई० कोरड्या स्वच्छ जागेसाठी, ई१ अधूनमधून दव आणि थोडी घाण, ई२ वारंवार दव किंवा जास्त प्रदूषण. सी म्हणजे थंडी. सी१ उणे ५ अंशांपर्यंत, सी२ उणे २५ पर्यंत. एफ म्हणजे आग. एफ१ म्हणजे पेटल्यास आग मर्यादित राहते. २०१८ च्या आवृत्तीत ई आणि सी यांच्या पुढच्या पायऱ्याही आल्या. (एफ वर्गाचे इन्सुलेशन आणि एफ१ यांचा एकमेकांशी संबंध नाही. परीक्षेत हमखास चुकणारी जागा!)

"महाराष्ट्रात उणे २५ कुठे आलंय, मग सी२ कशाला?" असा प्रश्न पडेल. या टेस्टमध्ये गारठलेल्या वाइंडिंगमधून एकदम रेटेडच्या दुप्पट करंट सोडतात. रेझिनला भेग पडते का, याची ही सर्वांत कडक परीक्षा. जो ट्रान्सफॉर्मर यात टिकला, तो आपल्या चढउतारात टिकण्याची शक्यता जास्त. थंडी नसली तरी प्रमाणपत्र उपयोगी आहे.

कारखान्याचा लोड सरळ नसतो

आजच्या कारखान्यात मोटारी ड्राइव्हवर चालतात आणि ड्राइव्ह हार्मोनिक्स ओढतात. वाइंडिंगमधला एडी करंटचा लॉस हार्मोनिक करंटच्या वर्गाच्या आणि हार्मोनिकच्या क्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आदर्श सहा-पल्स ड्राइव्हमध्ये ५ वा हार्मोनिक मूळ करंटच्या १/५ असतो, ७ वा १/७, असेच पुढे. आता गणित करा. १/५ चा वर्ग गुणिले ५ चा वर्ग, उत्तर १. सातव्याचेही १. म्हणजे प्रत्येक हार्मोनिक मूळ करंटइतकाच एडी लॉस नव्याने आणतो. ५, ७, ११, १३ हे चार धरले तर एडी लॉस ५ पट! मुळात तो रेझिस्टन्सच्या लॉसच्या १० टक्के असेल तर ५० टक्के होतो. प्रत्यक्षात वरचे हार्मोनिक्स थोडे कमी असतात, पण दिशा हीच. म्हणून नुसते '१००० केव्हीए द्या' म्हणू नये. लोडचे हार्मोनिक्स मोजून त्यांची यादी सोबत द्यावी.

पवनचक्कीत वेगळे काय?

साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवडे पठार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, पावसाळ्यात दिवसचे दिवस धुके. मानक १००० मीटरपर्यंतचीच उंची गृहीत धरते. त्यावर दर ५०० मीटरला नैसर्गिक हवेने थंड होणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची तापमानवाढ २.५ टक्क्यांनी आणि पंखेवाल्याची ५ टक्क्यांनी कमी धरायची. आपल्या पठारांवर हा फरक फार नाही, पण तो ऑर्डरमध्ये लिहिलेला असला पाहिजे.

मोठा प्रश्न वाऱ्याचा आहे. वारा आला, ट्रान्सफॉर्मर तापला. वारा पडला, गार झाला, दव बसले. पुन्हा वारा आला. रोज हे असे. भेगांना आणि ओलीला याहून चांगले आमंत्रण नाही. त्यात जनरेटरच्या बाजूच्या कन्व्हर्टरचे हार्मोनिक्स आणि व्हॅक्यूम ब्रेकरच्या स्विचिंगचे तीक्ष्ण सर्ज. टॉवर किंवा नॅसेलमध्ये जागा कोंदट, कंप सततचा. म्हणूनच पवनचक्कीच्या ट्रान्सफॉर्मरसाठी आयईसी ६००७६ चा वेगळा भाग १६ आहे. तिथे सर्ज अरेस्टर, बंद काळात ओल हटवणारा हीटर आणि वाइंडिंगमधले पीटी-१०० सेन्सर या चैनीच्या वस्तू नाहीत.

आणि जिथे ट्रान्सफॉर्मर टॉवरबाहेर उघड्यावर चौथऱ्यावर बसणार आहे, तिथे ड्राय टाइपचा हट्ट कशाला? पावसात तेलाचा बंद टाकीवालाच बरा. आगीची भीती असेल तर एस्टर द्रव आहे, त्याचा फायर पॉइंट ३०० अंशांच्या वर असतो. भरवशाची निवड म्हणजे योग्य जागी योग्य वस्तू.

खरेदीच्या टेबलावर

उद्या नोकरीत कोटेशनचा गठ्ठा समोर आला तर एवढे विचारा.

१. आमच्या जागेचे तापमान, उंची, धूळ, ओल लक्षात घेऊन हे रेटिंग दिले आहे का?
२. इन्सुलेशन कोणत्या वर्गाचे आणि तापमानवाढ कोणत्या वर्गाची?
३. याच नगाचा पार्शियल डिस्चार्ज रिपोर्ट मिळेल का?
४. ई, सी, एफ वर्ग कोणते, आणि ते टेस्टने सिद्ध केलेले आहेत की फक्त छापलेले?
५. हार्मोनिक्सची यादी डिझाइनमध्ये धरली आहे का?
६. एक कॉइल गेली तर नवी किती दिवसांत मिळेल?
७. नो-लोड लॉस किती?

शेवटचा प्रश्न किमतीचा आहे. नो-लोड लॉस वर्षाचे ८७६० तास चालू असतो. दोन ट्रान्सफॉर्मरमध्ये फक्त १ किलोवॉटचा फरक असेल, तरी युनिटला ८ रुपये धरून वर्षाला ७०,०८० रुपये होतात. स्वस्त कोटेशन पुष्कळदा इथेच महाग पडते.

आणि एक गोष्ट इंडस्ट्रियल व्हिजिटला जाणाऱ्या ज्युनिअर्ससाठी. कास्ट रेझिनची कॉइल गुळगुळीत, बंद, निरुपद्रवी दिसते. हात लावून पाहावासा वाटतो. लावू नका. रेझिन हे आतले इन्सुलेशन आहे, तुमच्या हातासाठीचे नाही. चालू ट्रान्सफॉर्मरच्या रेझिनच्या पृष्ठभागावर जीवघेणे व्होल्टेज असू शकते. तेलाच्या टाकीला अर्थिंग असते, या कॉइलच्या पृष्ठभागाला नसते. कुंपण आणि दाराचा इंटरलॉक त्यासाठीच असतो.

तेल गेले, डाग गेला, आगीची भीतीही बरीचशी गेली. पण तेल चुका पोटात घालत होते, तसे रेझिन घालत नाही. म्हणून ड्राय टाइप घेताना विचारायचे ते सगळे प्रश्न आधीच विचारायचे. नंतर विचारायला गेलो, तर उत्तर द्यायला क्रेन लागते.