जमिनीचे मोल आणि नकाशावरील रेषा

कोलकात्याच्या पूर्वेकडून ईस्टर्न मेट्रोपॉलिटन बायपास हा हमरस्ता जातो. त्याच्या कडेने उंच इमारती, रुग्णालये आणि मोठी हॉटेले उभी आहेत. पूर्वेकडे थोडे आत गेले की दृश्य पालटते. दूरवर पसरलेली उथळ तळी, त्यांचे मातीचे बांध, होड्यांतून जाळी ओढणारे कोळी आणि भाजीचे मळे दिसू लागतात. दोन्हीकडची माती एकच, शहरापासूनचे अंतरही जवळजवळ तेच. तरीही दोहोंकडील जमिनीच्या मोलात जमीनअस्मानाचा फरक आहे. त्याचे कारण सरकारी नकाशावर आखलेल्या एका रेषेत सापडते.

शहराची नियोजनबद्ध वाढ व्हावी म्हणून जमिनीचे विभाग पाडले जातात. कोठे वस्ती असावी, कोठे बाजार, कोठे कारखाने आणि कोणती जमीन मोकळी ठेवावी, हे त्या विभागांवरून ठरते. पश्चिम बंगालमध्ये या व्यवस्थेचा मुख्य आधार नगर व ग्राम नियोजनाचा 1979 चा कायदा हा आहे. जमिनीचा उपयोग ठरल्यावर तीवर किती बांधावे हे इमारतींचे नियम सांगतात. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, त्या प्रमाणास चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. मुंबई-पुण्याच्या लोकांना हा शब्द चांगलाच परिचित आहे. कोलकात्यात हे प्रमाण ठरविताना इमारतीचा उपयोग आणि समोरच्या रस्त्याची रुंदी या दोन गोष्टी प्रामुख्याने पाहिल्या जातात. अरुंद गल्लीतील भूखंडाला कमी मजले, रुंद रस्त्यावरील भूखंडाला अधिक, असा साधारण न्याय आहे.

बांधकाम व्यावसायिक भूखंड विकत घेतो तेव्हा तो वस्तुतः बांधण्याचा अधिकार विकत घेत असतो. त्याचे गणित उलट्या क्रमाने चालते. तयार जागा किती रुपयांना विकली जाईल, हे तो आधी पाहतो. त्यातून बांधकामाचा खर्च, कर्जावरील व्याज, निरनिराळी शुल्के आणि स्वतःचा नफा वजा करतो. जे उरते, तेवढीच रक्कम तो जमीनमालकाला देऊ शकतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बंगालमध्ये शहरी जमीन काठ्यात मोजतात आणि एक काठा म्हणजे 720 चौरस फूट. पाच काठ्यांचा भूखंड 3,600 चौरस फुटांचा झाला. त्यावर दुप्पट बांधकामास परवानगी असेल, तर 7,200 चौरस फूट जागा तयार होईल. सर्व खर्च आणि नफा वजा जाता दर चौरस फुटामागे 1,500 रुपये उरत असतील, तर त्या भूखंडाची किंमत 1 कोटी 8 लाख रुपये होते. नियम बदलून दुपटीऐवजी अडीचपट बांधकामास मुभा मिळाली आणि बाकीचे हिशेब तसेच राहिले, तर 9,000 चौरस फूट जागा तयार होऊन किंमत 1 कोटी 35 लाखांवर जाते. मालकाने फावडेही न उचलता 27 लाखांची भर पडली! उलट, तोच भूखंड जलाशय म्हणून नोंदलेला असेल, तर घरबांधणीच्या हिशेबी त्याचे मोल शून्य होते. मासळीचे उत्पन्न तेवढे उरते.

हा नियम किती निर्णायक ठरतो, याची साक्ष कोलकात्याचा पूर्व भागच देतो. हे शहर हुगळीच्या काठी वसले असले, तरी त्याच्या जमिनीचा उतार नदीकडे नसून पूर्वेच्या खाजणांकडे आहे. याच खाजणांच्या उत्तर भागात, मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या कारकिर्दीत, 1962 साली भरणीचे काम सुरू झाले. युगोस्लाव्ह नियोजनकार दोब्रिवोये तोश्कोविच यांनी आराखडा केला आणि हुगळीच्या पात्रातील गाळवाळू नळांतून आणून पाणथळ जागा भरण्यात आली. तेथे उभे राहिलेले सॉल्ट लेक, म्हणजेच बिधाननगर, आज शहरातील प्रतिष्ठित वसाहतींत गणले जाते.

उरलेल्या पाणथळ प्रदेशात मात्र निराळा व्यवहार चालू राहिला. शहराचे सांडपाणी कालव्यांतून तेथील तळ्यांत येते. या तळ्यांना बंगालीत भेडी म्हणतात. उथळ पाणी, प्रखर ऊन आणि शेवाळ यांच्या योगाने मैला शुद्ध होतो, त्यावर मासे पोसतात आणि तीच मासळी शहराच्या बाजारात येते. यंत्रे व वीज यांवर फारसा खर्च न करता महानगराचे पाणी शुद्ध करणारी ही व्यवस्था ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने अभ्यासून जगापुढे मांडली.

सॉल्ट लेक वाढल्यावर या तळ्यांवरही बांधकामाची दृष्टी पडणे स्वाभाविक होते. तेथे व्यापारकेंद्र उभारण्याची योजना पुढे आली, तेव्हा नागरिकांची एक संस्था न्यायालयात गेली. 1992 साली कलकत्ता उच्च न्यायालयाने या प्रदेशातील जमिनीचा उपयोग बदलण्यास मनाई केली. 2002 साली सुमारे 12,500 हेक्टर क्षेत्र रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून नोंदले गेले आणि 2006 साली राज्याने तिच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला.

रेषेच्या आतील मालकाला आपल्यावर अन्याय झाला असे वाटणे समजण्यासारखे आहे. शेजारच्याची जमीन सोन्याची झाली आणि आपली मात्र मासळीच्या भावाने राहिली, ही त्याची तक्रार असते. या तफावतीतूनच दोन अपप्रवृत्ती जन्मतात. रेषा आज ना उद्या सरकेल या आशेने काहीजण स्वस्तात जमीन घेऊन वाट पाहत बसतात. काहीजण रातोरात राबीट टाकून तळे बुजवितात आणि मग येथे पाणी कधी नव्हतेच असा दावा करतात. म्हणून नियम जितका संदिग्ध, तितका सट्टा अधिक. रेषा स्पष्ट आणि स्थिर असेल, तर प्रामाणिक व्यावसायिकालाही योग्य भावाने जमीन घेता येते व परवानगीच्या प्रतीक्षेत व्याज भरीत बसावे लागत नाही.

बाजाराच्या भावात काही गोष्टी येतच नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. भेडी बुजली तर सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा पैसे खर्चून उभारावी लागेल, पावसाचे पाणी सामावण्याची जागा कमी होईल, कोळ्यांचा धंदा बुडेल आणि मासळी महाग होईल. हा खर्च भूखंड विकणाऱ्याच्या वहीत चढत नाही. तो सगळ्या शहराच्या माथी बसतो.

जमिनीच्या मोलात नियमामुळे पडणारी भर अशा रीतीने समाजाच्या निर्णयातून येते. तिचा काही वाटा समाजाकडे परत यावा, हा विचार जुनाच आहे. 1911 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टपुढेही नव्या रस्त्यांमुळे वाढणाऱ्या जमिनीच्या किमतीचा प्रश्न होता. आज वाढीव बांधकामासाठी ठिकठिकाणी अधिमूल्य घेतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. मात्र ती रक्कम त्याच भागातील पाणी, गटारे आणि रस्ते यांसाठी खर्च झाली पाहिजे. नाहीतर मजले वाढतात आणि नळ कोरडेच राहतात.

विकास आराखड्याचे मसुदे नागरिकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध होतात. बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत. ज्यांचे लाखो रुपये त्यात गुंतलेले असतात, ते मात्र प्रत्येक रेष निरखून पाहतात. कोलकात्याच्या पूर्वेची तळी वाचली, कारण मूठभर नागरिकांनीही तो नकाशा तितक्याच काळजीने वाचला.