कानातली काळी बुरशी : भीती नको, हयगयही नको

कुडाळ : मृगाच्या सरी स्थिरावल्या, भातलावणीची धांदल सुरू झाली, की कोकणातील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक तक्रार हटकून ऐकू येऊ लागते. "कान शिवशिवतो, खाजवल्याशिवाय राहवत नाही, आत काहीतरी दडे बसल्यासारखे वाटते." तपासणीअंती डॉक्टर सांगतात, "कानात बुरशी झाली आहे." आणि ती काळी असल्याचे कळताच रुग्णाच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. २०२१ च्या कोरोना लाटेनंतर 'काळी बुरशी' या दोन शब्दांनी महाराष्ट्रात जी दहशत बसवली, तिचा हा परिणाम.

वस्तुतः ही दोन दुखणी अगदी वेगळी आहेत. कानात सामान्यतः आढळणारी काळी बुरशी त्रासदायक असली, तरी योग्य उपचारांनी बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत आटोक्यात येते. मात्र घरगुती तेल, काड्या आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले थेंब यांच्या नादी लागल्यास हेच साधे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत तर दुर्लक्ष महागात पडू शकते. म्हणूनच कान आणि घसा यांच्या बुरशीजन्य विकारांची नीट ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

कोकणच्या हवेचा वाटा

बुरशीला वाढीसाठी ऊब, ओलावा आणि अंधार लागतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. या काळात भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलांवर, पुस्तकांच्या कव्हरांवर पांढरा-हिरवा थर धरतो. बुरशीचे बीजाणू हवेत, मातीत, भाताच्या पेंढ्यात सर्वत्र असतात. तेच कानातही जातात.

कानाची बाह्य नलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची, किंचित वळणदार आणि पडद्यापाशी बंद असते. आत गेलेले पाणी सहज सुकत नाही. निसर्गाने यावर तोड म्हणून कानाला मळ दिला आहे. हा मळ म्हणजे घाण नव्हे. तो किंचित आम्लधर्मी व पाणी रोखणारा असतो. नलिकेची त्वचा आतून बाहेर सरकत असल्याने जुना मळ आपोआप बाहेर येतो. आगपेटीची काडी, हेअरपिन, कानकोरणे किंवा कापूस गुंडाळलेली काडी घालून तो उकरला, की हे कवच नष्ट होते, नाजूक त्वचेवर ओरखडे उठतात आणि बुरशीला आयती जागा मिळते.

दिवसभर पावसात शेतात राबणारे, वहाळात किंवा भंगसाळ नदीत डुंबणारी मुले, मालवण-तारकर्लीच्या पाण्यात उतरणारे हौशी पर्यटक आणि तासन्‌तास कानात इअरफोन खुपसून बसणारे शहरी तरुण या साऱ्यांच्या कानांत ओलावा टिकून राहतो. त्यातच कान ठणकला की कोमट खोबरेल किंवा लसणीचे तेल घालण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. तेलाने क्षणभर बरे वाटते, पण नलिका तेलकट, ओलसर व बंद राहते. बुरशीला नेमके हेच हवे असते.

निदान कसे होते?

या विकाराला वैद्यकीय भाषेत 'ओटोमायकोसिस' म्हणतात. बहुतेक वेळा तो 'अ‍ॅस्परजिलस' या बुरशीमुळे, तर काही वेळा 'कॅन्डिडा'मुळे होतो. तीव्र खाज हे त्याचे प्रमुख लक्षण. त्याखेरीज दडे बसणे, कमी ऐकू येणे, कानात आवाज होणे, पातळ स्राव व वेदना या तक्रारी असतात.

डॉक्टर दुर्बिणीतून कान तपासतात, तेव्हा बरेचदा पाहताक्षणीच निदान होते. भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा राखाडी गोळा आणि त्यावर काळे ठिपके दिसले, तर ती 'अ‍ॅस्परजिलस नायजर' समजावी. ते काळे ठिपके म्हणजे बुरशीचे बीजाणू. पांढरट, दह्याच्या कवडीसारखा थर असेल, तर 'कॅन्डिडा'चा संशय घेतला जातो.

दुखणे वारंवार उलटत असेल किंवा उपचारांना दाद देत नसेल, तर स्रावाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला जातो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तो ठेवला असता त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. ही चाचणी स्वस्त असून तिचा निष्कर्ष लवकर मिळतो. बुरशीची नेमकी जात ओळखण्यासाठी 'सॅबुरो अगार' या माध्यमावर तिची वाढ करून पाहतात. त्याला काही दिवस लागतात.

उपचाराचा पाया स्वच्छता

बुरशीवरील औषध कितीही चांगले असले, तरी लगदा तसाच ठेवून त्यावर थेंब टाकल्यास ते त्वचेपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून पहिली पायरी कानाच्या सफाईची. ती डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली, सक्शनच्या साह्याने करावयाची असते. पिचकारीने पाणी मारून कान धुणे अशा वेळी टाळले जाते, कारण त्याने ओलावा वाढतो. सफाई एकदा करून भागेलच असे नाही. काहींना दोन-तीन वेळा यावे लागते.

त्यानंतर क्लोट्रिमॅझोलसारख्या बुरशीनाशक औषधाचे थेंब वा मलम दिले जाते. खाज दोन-चार दिवसांतच थांबते आणि तिथेच बहुसंख्य रुग्ण औषध बंद करतात. लावणीच्या दिवसांत दवाखान्याची दुसरी खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, हेही त्यामागचे एक कारण. परंतु तंतू व बीजाणू शिल्लक राहिले, तर बुरशी पुन्हा डोके वर काढते. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण करणे हाच त्यावर उपाय.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, पडद्याला छिद्र असेल तर काही थेंब आतील कानाला अपाय करू शकतात. त्यामुळे लहानपणी कान वाहत असे, शस्त्रक्रिया झाली आहे, अशी माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. दुसरी, औषधाच्या दुकानातून कानाचे थेंब म्हणून जी औषधे परस्पर घेतली जातात, त्यांत पुष्कळदा प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण असते. प्रतिजैविकाने जिवाणू मरतात, बुरशी नव्हे. जिवाणूंची स्पर्धा संपते, स्टेरॉइडमुळे स्थानिक प्रतिकारशक्ती मंदावते आणि बुरशीचे फावते. 'बुरशीची गोळी' म्हणून सर्रास घेतली जाणारी फ्लुकोनॅझोलही 'अ‍ॅस्परजिलस'वर चालत नाही. ज्या बुरशीने कान बहुतेकदा बिघडतो, तिच्यावर ही गोळी निरुपयोगी ठरते.

घशाची कथा निराळी

घसा दुखला की तो बुरशीमुळेच, असे मानण्याचे कारण नाही. घसादुखी बहुतांशी विषाणूंमुळे आणि काही वेळा जिवाणूंमुळे होते. 'कॅन्डिडा' ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात मुळातच वास्तव्य करून असते. शरीराचा तोल बिघडला, की ती उपद्रव देते. त्यामुळे मोठ्या माणसाच्या घशात बुरशी आढळली, तर औषधाबरोबरच 'ती का झाली?' हा प्रश्न विचारणे तितकेच महत्त्वाचे.

अनियंत्रित मधुमेह, दीर्घकाळ घेतलेली प्रतिजैविके, कर्करोगावरील उपचार, रात्रंदिवस न काढता वापरलेली कवळी आणि दम्यासाठीचा स्टेरॉइडयुक्त इनहेलर ही त्याची नेहमीची कारणे. इनहेलर घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरून ती थुंकून टाकली, तर हा त्रास पुष्कळ टळतो. त्यासाठी इनहेलर बंद करू नये. यांपैकी कोणतेच कारण सापडत नसेल, तर एचआयव्हीची तपासणी सुचवली जाते. शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रांत ती मोफत होते आणि अहवाल गोपनीय राहतो.

जीभ, टाळू व घशावर दह्यासारखे पांढरे चट्टे, जळजळ आणि चव जाणे ही त्याची लक्षणे. हे चट्टे हलक्या हाताने पुसले असता निघतात व खाली लालसर त्वचा दिसते. न पुसला जाणारा पांढरा चट्टा ही धोक्याची खूण समजावी. मशेरी, तंबाखू, गुटखा यांचे सेवन करणाऱ्यांत तो कर्करोगाची पूर्वावस्था असू शकतो. लहान मुलाला ताप असून घशात करडा, चिकट पापुद्रा दिसत असेल, तर घटसर्पाची शक्यता ध्यानी घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

सौम्य संसर्गावर क्लोट्रिमॅझोल किंवा निस्टॅटिन हे औषध तोंडात लावण्यासाठी दिले जाते. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन अमेरिकी महिला शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये जगापुढे आणलेल्या निस्टॅटिनचे नाव न्यूयॉर्क राज्यावरून पडले आहे. संसर्ग अधिक असल्यास 'कॅन्डिडा'वर फ्लुकोनॅझोल गुणकारी ठरते. मात्र मधुमेहावरील काही गोळ्यांबरोबर ती घेतल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, तर रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. गर्भवतींनी तर ती सल्ल्याविना घेऊच नये. घास गिळताना छातीत दुखत असेल, तर संसर्ग अन्ननलिकेत उतरल्याची शंका घेऊन एंडोस्कोपी करतात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी.

दोन 'काळ्या' बुरशींमधला फरक

मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना ज्या आजाराची नोंद सक्तीची करण्यास सांगितले, तो 'म्युकरमायकोसिस'. त्यात बुरशी नाक व सायनसमधून रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी मरतात. तेथील काळा रंग बुरशीचा नसून मेलेल्या पेशींचा असतो. चेहऱ्याची एक बाजू बधिर होणे वा सुजणे, नाकातून काळपट खपल्या पडणे, डोळा सुजणे, एकाची दोन दिसणे ही त्याची लक्षणे. अ‍ॅम्फोटेरिसिन बी आणि शस्त्रक्रिया हे त्यावरचे उपचार असून तेथे तासातासाला महत्त्व असते. कानातील 'अ‍ॅस्परजिलस नायजर' हा सहसा त्वचेच्या वरच्या थरावर राहणारा विकार आहे.

'सहसा' या शब्दाला मात्र अपवाद आहे. वयस्क मधुमेही रुग्णाचा कान रात्री झोप उडवील इतका ठणकत असेल, स्राव थांबत नसेल किंवा चेहरा वाकडा होत असेल, तर संसर्ग कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत गेलेला असू शकतो. बरेचदा तो जिवाणूंमुळे, क्वचित बुरशीमुळे होतो आणि प्राणघातक ठरू शकतो.

कान आणि बुरशी यांच्या नात्याचा आणखी एक धडा जगाने अलीकडे घेतला. २००९ मध्ये जपानमधील एका वृद्धेच्या कानातील स्रावात बुरशीची एक नवी जात आढळली. लॅटिन भाषेतील कानावरून तिचे नाव 'कॅन्डिडा ऑरिस' ठेवले गेले. पुढे अनेक औषधांना न जुमानणारी ही बुरशी अनेक देशांतील अतिदक्षता विभागांत पसरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या घातक बुरशींच्या पहिल्या यादीत तिला सर्वांत वरच्या गटात स्थान मिळाले. औषधांचा बेबंद वापर बुरशीलाही निर्ढावतो, हा त्याचा अर्थ.

काय करावे, काय टाळावे

* अंघोळ करताना किंवा पावसात जाताना दुखऱ्या कानात व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा ठेवावा व नंतर काढून टाकावा. तो दिवसभर कानात राहू देऊ नये.
* कान बाहेरून मऊ कापडाने कोरडा करावा. आत काडी, पिन, चावी घालू नये.
* कान दुखत वा वाहत असताना तेल घालू नये. पोहणे बंद ठेवावे.
* दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचे किंवा गेल्या वर्षीचे उरलेले थेंब वापरू नयेत.
* दुखणे वारंवार उलटत असेल, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

एकेकाळी गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी कुडाळकराला गोव्यातील बांबोळीचा रस्ता धरावा लागे. आजही अवघड रुग्ण तिकडे जातातच. तथापि ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्यातच तज्ज्ञांचा सल्ला मिळण्याची सोय वाढली आहे. खाज सुटताच तेलाची वाटी चुलीवर ठेवण्याऐवजी वेळीच कान दाखवला, तर बहुतेकांचे दुखणे सफाई, थेंब आणि थोडा धीर एवढ्यावरच निभावते.