घरच्या नोडचा गुरुवार

सकाळी ६.४५

दुधाखालचा गॅस बारीक करते आणि लॅपटॉपवर नोडचा लॉग उघडते. रात्री झोपताना पाहिलं होतं तेव्हापासून पन्नासच्या आसपास ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे, आलेले असतात. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, म्हणजे दिवसाला १४४. पण ही नुसती सरासरी. कधी एका मिनिटात दोन ब्लॉक थडकतात, कधी तासभर सामसूम. नवख्याला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं, आणि तो उगाच मशीन बंद-चालू करत बसतो.

नोड म्हणजे हॉलमधल्या कपाटावर, वायफायच्या डब्याशेजारी ठेवलेला एक जुना मिनी पीसी. दोन टीबीची एसएसडी, आठ जीबी रॅम, लिनक्स आणि त्यावर बिटकॉइन कोअर. वीज दहा वॉटच्या आसपास खातो, महिन्याला साधारण सात युनिट. काम एकच: ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून आत्ताच्या ताज्या ब्लॉकपर्यंत प्रत्येक व्यवहार स्वतः तपासायचा. नियमात बसेल तो ठेवायचा आणि शेजाऱ्यांना, म्हणजे जोडलेल्या इतर नोडांना, कळवायचा, न बसेल तो फेकून द्यायचा. यात कुणाची परवानगी घ्यायची नाही आणि कुणाच्या सांगण्यावर विश्वासही ठेवायचा नाही.

शेजारी बघते. आठ पूर्ण जोडण्या आणि दोन फक्त ब्लॉकपुरत्या, अशा दहा जोडण्या नोड आपणहून बाहेर करतो. बाहेरून आत येणाऱ्यांचं मात्र आमच्याकडे दुखणं आहे. इंटरनेटवाल्याने एकच सार्वजनिक पत्ता कित्येक घरांत वाटून दिलाय, त्यामुळे ८३३३ पोर्टवर थेट कुणी पोचूच शकत नाही. स्वतंत्र पत्ता हवा तर त्याचे पैसे वेगळे. म्हणून मी टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यावरून येणाऱ्यांना दार उघडं ठेवलंय. तिथून आज वीसेक जण आत आहेत. नव्याने नोड सुरू करणाऱ्या कुणाला तरी माझ्याकडचे जुने ब्लॉक हवे असतात. तो रात्रभर ओढत बसलेला दिसतो.

८.३०

नवी आवृत्ती आली आहे, पण ती आपोआप चढत नाही. फोनमधली सगळी ॲप्स रात्रीत स्वतःला बदलून घेतात. बिटकॉइन कोअर तसं करत नाही, आणि ते मुद्दाम. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना माझ्या कपाटावरच्या डब्याचे नियम माझ्या नकळत बदलता येऊ नयेत म्हणून. मग ते काम हाताने: फाइल उतरवायची, तिची हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, जुळवायची, त्या हॅशच्या यादीवर निरनिराळ्या लोकांनी केलेल्या डिजिटल सह्या तपासायच्या. हे लोक तोच सोर्स कोड आपापल्या घरी स्वतंत्रपणे बांधतात आणि सगळ्यांची फाइल बिट न् बिट सारखी आली तरच सही करतात. हा भाग कंटाळवाणा आहे. तो टाळून केलेली बाकीची सगळी तपासणी मात्र पोकळ.

२०२५ मध्ये एका नव्या आवृत्तीवरूनच मोठी भांडणं झाली. कोअरच्या तिसाव्या आवृत्तीने व्यवहाराला जोडता येणाऱ्या इतर मजकुराची मर्यादा सैल केली, तेव्हा बरेच जण रागावून 'नॉट्स' नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेले. माझं मत: मुद्द्यापेक्षा आवाज मोठा होता. तो वाद ब्लॉकमध्ये काय वैध याचा नव्हता. ब्लॉकमध्ये न गेलेला कोणता व्यवहार आपला नोड सांभाळेल आणि पुढे पाठवेल, एवढ्यापुरता होता. तरी रागावलेल्या माणसाला त्याच दुपारी सॉफ्टवेअर बदलता आलं, ही गोष्ट मला आवडली. बँकेच्या ग्राहकाला हे कधी जमलंय?

९.४०

"लाइट जाणार आहे दहाला. तुझा डबा नीट बंद केलास का?" आई स्वयंपाकघरातून.

गुरुवार आहे. आमच्या पुण्यात दुरुस्तीचे मुहूर्त गुरुवारी निघतात. आज दहा ते दोन वीज बंद असा मेसेज कालच आलाय. इन्व्हर्टर आहे, पण तो पंख्यांसाठी आणि आईच्या टीव्हीसाठी. नोडला थांबण्याचा आदेश देते आणि वाट बघते. न खर्चलेल्या सगळ्या नाण्यांची यादी वेगासाठी काही प्रमाणात रॅममध्ये असते. ती डिस्कवर उतरायला मिनिटभर लागतो. मध्येच वीज गेली तर ही यादी तुटण्याचा धोका. मग ती पहिल्या ब्लॉकपासून पुन्हा बांधायची, आणि असल्या जुन्या मशीनवर ते दिवसांचं काम असतं.

लॉग 'पूर्ण' म्हणतो. बटण बंद.

१० ते २

माझं पोटापाण्याचं काम दोन कंपन्यांचे सर्व्हर सांभाळण्याचं. वीज नाही म्हणून त्यातल्या एकीच्या ऑफिसात जाऊन बसते. तिथला एखादा सर्व्हर पाच मिनिटं झोपला तरी फोन खणखणतात. इथे माझा नोड चार तास बंद आहे आणि जगात कुणालाही फरक पडलेला नाही. तसंच असायला हवं.

उलट काय होतं ते इथेरियमवाल्यांनी ११ नोव्हेंबर २०२० ला पाहिलं. स्वतःचा नोड चालवण्याऐवजी असंख्य ॲप्स आणि वॉलेट इन्फ्युरा नावाच्या एकाच सेवेवर विसंबून होती. इन्फ्युराकडे सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती, तिच्यात एक चूक होती आणि त्या दिवशी ती सेवा ब्लॉकांच्या साखळीच्या चुकीच्या फाट्यावर जाऊन अडकली. मेटामास्क हे वॉलेट वापरणाऱ्यांचं काम अडलं, काही एक्स्चेंजांना इथर काढून देणं थांबवावं लागलं. साखळी चालूच होती. पण लोक साखळीकडे बघतच नव्हते. ते इन्फ्युराच्या खिडकीतून बघत होते.

२.१५

वीज वेळेवर आली, याची नोंद करायला हवी. नोड सुरू. चार तासांतले वीसेक ब्लॉक तो दोन मिनिटांत आत घेतो.

पहिल्यांदा बसवताना मात्र अख्खा इतिहास उतरवून तपासावा लागतो, ६०० जीबीहून अधिक. व्यवहारांनी शंभर कोटींचा टप्पा २०२४ च्या मे महिन्यात ओलांडला. प्रोसेसर तापतो, एसएसडीचं दिवसचे दिवस वाचन-लेखन चालतं. साध्या हार्ड डिस्कवर हे करू पाहणाऱ्याची दया येते. जुन्या ब्लॉकांतल्या सह्या वैध धरून पुढे जाण्याची सवलत कोअर देतो, म्हणजे वेळ वाचतो. मी ती सवलत बंद केली होती. सगळंच तपासायचं तर मग तेवढं तरी कशाला सोडा.

त्या वाटेवर एक ब्लॉक येतो, ७४,६३८ क्रमांकाचा. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १५ ऑगस्ट २०१० ला कुणीतरी बेरजेतल्या एका चुकीचा फायदा घेऊन एका व्यवहारात १८ हजार ४४६ कोटी बिटकॉइन तयार केले. एकूण मर्यादा किती, तर २ कोटी १० लाख! आणि तेव्हाच्या सॉफ्टवेअरला ते चाललं. काही तासांत बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोटोने दुरुस्त आवृत्ती दिली, लोकांनी ती आपापल्या मशीनवर चढवली, आणि त्यांच्या मशीनने तो ब्लॉक नाकारून त्याच क्रमांकापासून नवी, शुद्ध साखळी पुढे नेली. आज नोड बसवणाऱ्याला त्या क्रमांकावर सालस ब्लॉक मिळतो. ती कोट्यवधी नाणी कुठल्या पोलिसाने जप्त केली नाहीत. पुरेशा मशीननी 'हे आम्ही धरत नाही' म्हटलं, एवढंच.

४.००

शेजारचे काका चहाला. आयुष्यभर सहकारी बँकेत नोकरी, त्यातली पहिली वीस वर्षं हाती लिहिलेल्या खतावण्यांवर.

"यातून सुटतं किती गं?"

"काही नाही, काका."

"व्याज? कमिशन?"

"नाही. नवा ब्लॉक बनवणाऱ्या मायनरला मिळतं. एका ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन, वर व्यवहारांचं शुल्क. नोडला शून्य."

"मग तुझा हा डबा म्हणजे ऑडिटर. तोही बिनपगारी."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. बहुतेकांची समजूत असते की मायनर सर्वेसर्वा. मायनर ब्लॉक मांडतो. तो मान्य करायचा की नाही हे तपासणारा ठरवतो. ४ जुलै २०१५ ला काही मायनरनी वेळ वाचवण्यासाठी आधीचा ब्लॉक न तपासताच त्यावर पुढचे रचले. पायाच नुकत्याच लागू झालेल्या नियमात बसत नव्हता. एकावर एक सहा ब्लॉक रचून झाले, आणि नवे नियम तपासणाऱ्या पूर्ण नोडांनी सगळेच्या सगळे नाकारले. फोनवरच्या हलक्या वॉलेटांना मात्र ते खरे वाटले होते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मॅराथॉन डिजिटल या बड्या अमेरिकी कंपनीच्या ब्लॉकमध्ये व्यवहारांचा क्रम चुकला. ब्लॉक रद्द, बक्षीसही गेलं.

सर्वांत मोठी कसोटी २०१७ ची. मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये पन्नासहून अधिक कंपन्या आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक मायनिंगशक्ती एकत्र आली आणि ब्लॉकचा आकार दुप्पट करायचं ठरवून टाकलं. व्यवहार स्वस्त होतील, हा त्यांचा युक्तिवाद खोटा नव्हता. पण ब्लॉक फुगत गेला की तपासणीला लागणारं मशीन, डिस्क, इंटरनेट सगळंच फुगतं, आणि एक दिवस माझ्यासारखीला घरात नोड परवडेनासा होतो. मग उरतात त्या कंपन्या, एकमेकींचे हिशोब पास करायला. घरोघरच्या नोडवाल्यांनी दाद दिली नाही. ८ नोव्हेंबरला तो बेत पुढे ढकलत असल्याचं जाहीर झालं, आणि प्रत्यक्षात तो बारगळलाच.

काकांचं समाधान झालेलं नव्हतं. "ते राहू दे. तेरीज जुळते का ते सांग."

लगेच आज्ञा दिली. अस्तित्वात असलेलं प्रत्येक न खर्चलेलं नाणं मोजून नोड एकूण आकडा देतो. आमच्या मशीनला त्यासाठी काही मिनिटं लागतात. तोवर काका डायरीच्या मागच्या पानावर गुणाकार करत बसले. पहिल्या २ लाख १० हजार ब्लॉकांना प्रत्येकी ५० नाणी, पुढच्या तेवढ्यांना २५, मग १२.५, मग ६.२५. म्हणजे एप्रिल २०२४ पर्यंत १ कोटी ९६ लाख ८७ हजार ५००. त्यापुढच्या ब्लॉकांना ३.१२५ ने गुणायचं आणि मिळवायचं.

आकडा आला. काकांच्या आकड्यापेक्षा थोडा कमी.

"कमी? कुणी खाल्ले?"

कुणी नाही. पहिल्या ब्लॉकची ५० नाणी सुरुवातीपासूनच खर्चता न येणारी आहेत. २०१० मध्ये दोनदा बक्षिसाचा हुबेहूब तोच व्यवहार पुन्हा आला आणि आधीची पन्नास-पन्नास नाणी त्याखाली पुसली गेली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये एका मायनरने स्वतःचं साडेबारा नाण्यांचं बक्षीस घेतलंच नाही. काही लोकांनी कधीही उघडणार नाही अशा कुलपात नाणी टाकली.

काकांनी पेनाला टोपण लावलं. "कमी चालेल. जास्त नको."

७.००

एका मित्राने थोडे सॅट, म्हणजे बिटकॉइनची चिल्लर, पाठवलेत. माझं स्पॅरो वॉलेट माझ्याच नोडला विचारतं: आले का? नोड आधी मेमपूलमध्ये, म्हणजे ब्लॉकची वाट बघणाऱ्या व्यवहारांत, दाखवतो, पाऊण तासाने ब्लॉकमध्ये. हेच मी दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारलं असतं तर माझे सगळे पत्ते, शिल्लक आणि घरचा आयपी त्याच्या वहीत गेला असता.

नोंद वेगळ्या फाइलमध्ये करते, कारण मार्चअखेर सीए मागणार. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का टीडीएस. व्यवहार कोणत्या ब्लॉकमध्ये गेला हे नोड सांगेल. त्या दिवसाचा भाव मात्र बाहेरून शोधावा लागतो; नोडला रुपया ठाऊक नाही.

१०.१५

अपलोडला रोजची मर्यादा लावलेली आहे, नाहीतर नव्या नोडना इतिहास पुरवताना आमचा महिन्याचा इंटरनेट कोटा संपून आईच्या मालिका अडकतील. शेवटचा ब्लॉक सहा मिनिटांपूर्वीचा. बाहेर केलेल्या जोडण्या दहा. लॅपटॉप मिटते.

आता हे वाचून कुणाला नोड बसवावासा वाटला तर दोन गोष्टी. भाड्याच्या क्लाउडवर बसवू नका. एकाच कंपनीच्या इमारतीत हजार नोड उभे राहिले तरी ते विकेंद्रीकरण नव्हे, आणि नुसती संख्या फुगवायला एकटा माणूसही पुरतो. दुसरी अधिक महत्त्वाची. नोड बसवला त्याच दिवशी आपलं वॉलेट त्याला जोडा. ज्याच्या तपासणीवर कुणाचाही पैसा अवलंबून नाही, त्याच्या नकाराला काही किंमत नाही. तो नुसता वीज खाणारा डबा. दोन टीबीची एसएसडी परवडत नसेल तर जुने ब्लॉक टाकून देणारी छाटणीची सोय वापरा. त्यात साठवलेले ब्लॉक ५५० एमबीपर्यंत खाली येतात, आणि तपासणी पहिल्या ब्लॉकपासून पुरतीच होते.